जादा माल म्हणजे अडकलेला पैसा

वेस्ट म्हटलं की आपल्याला स्क्रॅपचा ढीग आठवतो. पण टोयोटाच्या ताईची ओहनो यांनी नासाडीचे सात प्रकार सांगितले, त्यात सदोष माल हा फक्त एक. सर्वांत वाईट त्यांनी ठरवलं ते गरजेपेक्षा जास्त उत्पादन. व्हायव्हात ही यादी आपण घडाघडा म्हणतो, पण 'सर्वांत वाईट का?' विचारलं की गप्प!

जादा माल काढला की स्टील, वीज, मजुरीचे पैसे जातात, विक्री मात्र झालेली नसते. वर गोडाऊन, ने-आण, गंज. डायमध्ये दोष असेल तर तो कळेपर्यंत हजारो नग तसेच निघालेले.

मग एवढे मोठे लॉट का काढतात? सुट्टीतल्या ट्रेनिंगमध्ये प्रेस शॉपच्या सुपरवायझरना मी हेच विचारलं. ते म्हणाले, "डाय बदलायला अर्धी शिफ्ट जाते रे, दोनशे नगांसाठी कोण बदलणार?" उत्तर चोख होतं.

1969 साली टोयोटातही 1000 टनी प्रेसची डाय बदलायला चार तास लागत. शिगेओ शिंगो यांनी कामांची विभागणी केली: प्रेस थांबवूनच करायची आणि प्रेस चालू असताना उरकता येणारी. नवी डाय, बोल्ट, पाने सगळं आधीच शेजारी तयार. शोधाशोध बंद. वेळ आधी दीड तासावर, मग तीन मिनिटांवर आला! मग दोनशे नगांचा लॉटही परवडतो.

यात एक मेख आहे. वाचलेल्या वेळात पुन्हा जादाच माल काढला तर गोडाऊन परत भरणार. म्हणूनच ओहनोंनी कानबान कार्ड आल्याशिवाय नग बनवायलाच मनाई केली.