विषयशिक्षणात संगणक : मानमंदिराच्या भिंतीवरील पाठ

माध्यमिक शाळेत संगणक आला तो स्वतंत्र तासिका घेऊन. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ प्रकल्पाद्वारे निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक पुरविले. डिसेंबर २००४ मध्ये शाळांसाठी माहिती व संचार तंत्रज्ञानाची केंद्रपुरस्कृत योजना सुरू झाली. २०१८ मध्ये ती समग्र शिक्षा योजनेत समाविष्ट करण्यात आली. संगणककक्ष उभे राहिले. परंतु त्या खोलीची किल्ली मागण्याचे प्रयोजन भूगोलाच्या वा गणिताच्या शिक्षकाला क्वचितच वाटले.

ते प्रयोजन विषयातूनच निर्माण व्हावे लागते. वाराणसीच्या मानमंदिर घाटावर सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात उभारलेली वेधशाळा आहे. तेथील सम्राट यंत्राची तिरपी भिंत पृथ्वीच्या अक्षाला समांतर असल्याने तिचा क्षितिजाशी होणारा कोन स्थानिक अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे २५.३ अंश भरतो. हेच यंत्र नागपुरात बांधले तर? फळ्यावर दुसरी आकृती काढावी लागेल. जिओजिब्रा या मोफत प्रणालीत अक्षांशाचा आकडा बदलताच भिंत कलते आणि विद्यार्थ्याला हा संबंध स्वतःच शोधता येतो.

तथापि, चित्र हलते म्हणून विषय समजला, असे मानणे धाडसाचे होईल. प्रत्यक्ष मोजमाप हवेच. २१ मार्चच्या सुमारास एक मीटर उंचीच्या काठीची मध्यान्हीची सावली वाराणसीत सुमारे ४७, नागपुरात ३९, तर मुंबईत ३५ सेंटीमीटर पडते. मध्यान्ह म्हणजे घड्याळातील बारा नव्हेत, तर सर्वांत आखूड सावलीचा क्षण. मुंबईत तो वाराणसीपेक्षा सुमारे ४० मिनिटे उशिरा येतो. रेखांशाचा पाठ येथे आपोआपच सुरू होतो!

दोन गावांतील शाळांनी या नोंदी ई-मेलने एकमेकींना कळवून संगणकीय तक्त्यात भराव्यात. वाराणसी व नागपूर यांच्या अक्षांशांतील फरक सुमारे ४.२ अंश, तर नकाशावरील उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ४६० किलोमीटर आहे. त्यावरून पृथ्वीचा परीघ ४० हजार किलोमीटरच्या आसपास येतो. उत्तर चुकले, तर काठी सरळ होती काय, याची चर्चा करावी.

यासाठी वर्गाला एक संगणक पुरतो. उणीव भासते ती अशी सांगड घालणाऱ्या विषयशिक्षकाची. शिक्षक प्रशिक्षणात संगणकाचा परिचय स्वतंत्रपणे देण्याऐवजी गणित व भूगोलाच्या अध्यापनपद्धतीतच त्याचा सराव द्यावा आणि परीक्षेत अक्षांशाच्या व्याख्येबरोबरच सावलीच्या नोंदींचा एखादा तक्ताही उत्तरासाठी द्यावा.