सावलीतले हिरवे पान

ट्रॉम्बेला आमच्या घरामागे एक अरुंद बोळ आहे. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला मोठे आंब्याचे झाड. तिथे ऊन येत नाही. आम्ही तिथे तुळस लावली, ती झुरली. झेंडू लावला, त्याला फूल आले नाही. तेव्हा शेजारच्या आजी म्हणाल्या, "सावलीला सावलीचंच झाड लावावं. हंसराज लावा."

हंसराज हे एक नेचे आहे. नेचे आपण सर्वांनी पाहिलेले असते. पावसाळ्यात विहिरीच्या कठड्यावर, ओढ्याच्या काठी, ओल्या भिंतीच्या फटीत ते उगवते. हंसराजाचा देठ काळा आणि तारेसारखा चकचकीत असतो. त्याला पंख्यासारखी लहान लहान पाने असतात.

नेच्याला फूल नाही, फळ नाही, बी नाही. मग ते वाढते कसे? पान उलटून पाहा. कडेला तपकिरी रेघा दिसतील. त्यांत धुळीसारखी पूड असते. तिच्या एकेका कणाला बीजाणू म्हणतात. बीजाणू ओल्या मातीवर पडला की नखाहून लहान असा हिरवा पापुद्रा तयार होतो. त्या पापुद्र्याला पाणी मिळाले, तरच त्यातून नवे नेचे जन्मते. म्हणून नेच्याला ओल फार प्रिय.

आजींनी आम्हांला एक रोप दिले. पावसाळाभर ते छान वाढले. दिवाळीनंतर पाने पिवळी पडली, मग वाळून गेली. रोप मेले असे समजून आम्ही कुंडी रिकामी केली. आजी रागावल्या. "अरे, मेलं नव्हतं ते, झोपलं होतं! मातीत बोट घालून गड्डा तरी चाचपायचा!"

पुढच्या पावसाळ्यात त्यांनी दुसरे रोप दिले. त्याचीही पाने वाळली. या वेळी आम्ही फक्त वाळकी पाने कापली आणि कुंडी सावलीतच ठेवली. माती अगदी कोरडी होऊ दिली नाही. जूनमध्ये पाऊस आला. थोड्याच दिवसांत गुंडाळलेली कोवळी पाने वर आली आणि हळूहळू उलगडली. घरातली सगळी माणसे बघायला जमली.

तुम्हीही हंसराज लावा. असे करा :

१. कुंडीच्या भोकावर खापराचा तुकडा ठेवा.
२. लाल माती, कुजलेला पालापाचोळा आणि विटांचा चुरा सारखे घेऊन मिसळा.
३. गड्डा खोल पुरू नका. वर थोडीच माती घाला.
४. माती ओली ठेवा, पण पाणी साचू देऊ नका.
५. दुपारचे ऊन लागू देऊ नका.

नवे रोप हवे असेल तर लांब पानाचे टोक मातीला टेकवा. वर लहान दगड ठेवा. टोकाला मुळे फुटतात आणि नवे रोप तयार होते.

हवाही ओलसर हवी. लंडनमध्ये वॉर्ड नावाचे एक डॉक्टर होते. त्यांच्या बागेत कोळशाच्या धुराने नेचे जगत नसे. १८२९ साली त्यांनी एका बाटलीत ओली माती आणि पतंगाचा कोश ठेवून झाकण लावले. काही दिवसांनी त्या मातीत आपोआप नेचे उगवले! आतली ओल बाहेर गेली नाही आणि बाहेरचा धूर आत आला नाही. पुढे अशाच काचेच्या पेट्यांतून चहाची रोपे चीनमधून हिंदुस्थानात आली.

आता एक महत्त्वाची गोष्ट. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पावसाळ्यात नेचे पुष्कळ दिसते. ते डोळे भरून पाहावे, पण उपटू नये. वन्य जीव संरक्षणाचा कायदा १९७२ साली झाला. त्याप्रमाणे तो गुन्हा आहे. शिवाय उपटलेले रोप बहुधा वाटेतच मरते. रोप शेजाऱ्याकडून मागून घ्यावे, नाहीतर रोपवाटिकेतून आणावे. आपले वाढले की दुसऱ्याला द्यावे.

आमच्या बोळात आता सात कुंड्या आहेत. उन्हाळ्यात त्या रिकाम्या दिसतात. कोणी विचारले तर आम्ही सांगतो, "झोपलंय ते. पाऊस येऊ द्या."

प्रश्न
१. नेच्याच्या पानामागे काय असते?
२. आम्ही पहिले रोप का टाकून दिले?
३. तुमच्या घराजवळ सावलीची जागा कोठे आहे? तिथे काय लावाल? चार ओळी लिहा.