क्ष-किरणांची दुर्बीण

मोडलेल्या हाडाचें छायाचित्र तुम्हांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. राँटजेन यांनीं इ. स. १८९५ मध्यें शोधून काढलेले क्ष-किरण मांसांतून आरपार जातात. आरशावर समोरून पडले तरीहि ते परतत नाहींत, आंत शिरतात. मग त्यांची दुर्बीण व्हावी कशी?

तळ्याकांठीं खेळतांना चपटी खापरी उभी टाकली तर बुडते. अगदीं तिरकी फेंकली तर पाण्यावरून टप्पे घेत जाते. क्ष-किरणांचेंहि तसेंच आहे. गुळगुळीत पृष्ठाला घासून गेल्याप्रमाणें आले तरच ते वळतात. म्हणून या दुर्बिणीचा आरसा ताटासारखा नसून नळीसारखा असतो. आणि एका नळींत फार थोडे किरण सांपडतात, म्हणून एकींत एक अशा अनेक नळ्या बसवितात.

वातावरण हे किरण अडवितें (आपल्या जिवाला तें बरेंच आहे!), तेव्हां दुर्बीण आकाशांतच पाठविली पाहिजे. अमेरिकेनें १९९९ सालीं पाठविलेल्या अशा एका दुर्बिणीस लाहोरास जन्मलेल्या सुब्रह्मण्यन् चंद्रशेखरांवरून 'चंद्रा' हें नांव दिलें आहे. परंतु किरण जितका जोरदार, तितका तो कमी वळतो व आरशापासून तितकाच दूर एकवटतो. अति जोरदार किरणांसाठीं १३ जून २०१२ रोजीं सोडलेल्या 'नुस्टार' दुर्बिणींत आरसे व किरण टिपणारें यंत्र यांत १० मीटर अंतर हवें होतें; पण विमानाखालून सुटणारा तिचा अग्निबाण लहानसा! तेव्हां मधला दांडा घडी करून नेला व २१ जूनला आकाशांतच उलगडला. तो अडकता तर सर्व श्रम व्यर्थ होते. दुरुस्तीस तेथें कोण जाणार? तिच्या दोन आरशांपैकीं प्रत्येकांत कांचेचीं १३३ कवचें असून कांचेची जाडी अवघी ०·२ मिलिमीटर आहे.

या दुर्बिणीनें शर्मिष्ठा तारकासमूहांतील, सुमारें ११,००० प्रकाशवर्षें दूर असलेल्या, एका फुटलेल्या ताऱ्याचे अवशेष पाहिले. स्फोटाच्या अगदीं गाभ्यांत एक प्रकारचें टायटॅनियम तयार होतें. तें सुमारें ६० वर्षांत निम्में होतें, व त्याचा क्षय होतांना ठराविक जोराचे क्ष-किरण निघतात. इतर द्रव्यें तापल्याशिवाय क्ष-किरणांत दिसत नाहींत. हें थंड असलें तरी दिसतें. २०१४ सालीं त्याचा नकाशा प्रसिद्ध झाला. टायटॅनियम सर्व बाजूंस सारखें पसरलेलें नव्हतें. त्याचे पुंजके होते. म्हणजे तारा फुग्यासारखा सारखा फुगून फुटला नाहीं. फुटण्यापूर्वीं त्याचा गाभा आधणाच्या पाण्यासारखा हिंदकळला असावा. मौज ही कीं, ज्या भट्टींत टायटॅनियम होतें तेथेंच लोखंडहि व्हावें. पण दिसणारें लोखंड भलत्याच जागीं होतें. कांहीं लोखंड अजून तापलेंच नसेल, म्हणून दिसत नसेल, असा एक तर्क आहे.