चिंगीची बाटली

इंदूरच्या सुदामा नगरातल्या आमच्या घरी चिंगी नावाची पांढरी स्पिट्झ आहे. वजन सहा किलो. तिला फिट्स येतात आणि त्या आवरणारं औषध सकाळ-संध्याकाळ, जन्मभर चालू ठेवावं लागतं. ते बाजारातून नाहीसं झालं तेव्हा तिच्यापुरतं दुसरं औषध बनवून घ्यावं लागलं. त्या दिवसांत जे जे कळत गेलं, ते इथे लिहिते आहे. ज्यांच्या घरात एखादा मुका जीव औषधावर आहे, त्यांना त्यात आपलं काही सापडेल.

१. कुत्र्याचं औषध बरेचदा माणसाचंच असतं, हे मला फार उशिरा उमगलं. चिंगीची फेनोबार्बिटोनची गोळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून यायची, माणसांसाठी निघालेल्या पट्टीतून. आपल्याकडे प्राण्यांच्या औषधांचा धंदा मुख्यतः गाई-म्हशी आणि कोंबड्यांवर चालतो. सहा किलोच्या जिवाच्या मापाची गोळी कोण काढणार? त्यात फेनोबार्बिटोन अमली पदार्थांवरच्या एनडीपीएस कायद्याच्या यादीतलं. चिठ्ठी, नोंदी, हिशेब आले, म्हणून अनेक दुकानदार ते ठेवतच नाहीत. पुरवठा जरा आटला की दवा बाजारात या टोकापासून त्या टोकापर्यंत "नहीं है, आगे देख लीजिए" एवढंच ऐकू येतं. आणि हे औषध एकाएकी थांबवता येत नाही. थांबवलं तर फिट्स लागोपाठ येतात आणि जिवावर बेततं. पट्टीत उरलेल्या गोळ्या मोजताना माझे हात थरथरायचे.

२. जुनं म्हणून टाकलेलं औषधही कुणाचा तरी जीव धरून असतं. चिंगीच्या डॉक्टरांनी उरलेल्या गोळ्या हळूहळू कमी करत नेल्या, मध्ये आधाराला लेव्हेटिरासिटाम हे फिट्सवरचं दुसरं औषध दिलं आणि मुख्य औषध म्हणून पोटॅशियम ब्रोमाइड ठरवलं. अपस्मारावर ब्रोमाइडचा उपयोग लंडनच्या चार्ल्स लोकॉक यांनी १८५७ साली मांडला होता. माणसांत ते पुढे मागे पडलं, कुत्र्यांत मात्र टिकलं. गंमत म्हणजे अमेरिकेतही कित्येक दशकं ते फार्मासिस्टकडून बनवूनच घेतलं जायचं. कुत्र्यांसाठीच्या तयार ब्रोमाइड गोळीला तिथल्या एफडीएने सशर्त मान्यता दिली ती जानेवारी २०२१ मध्ये. हे वाचलं आणि माझी एक समजूत गळून पडली. बनवून घेतलेलं औषध म्हणजे गरीब गावातली तडजोड, असं मला वाटायचं. तसं काही नव्हतं.

३. बनवून देणारा माणूस शोधणं हे औषध शोधण्याइतकंच अवघड आहे. माझ्या लहानपणी प्रत्येक दवाखान्यात कंपाउंडर असायचा. लाल मिक्स्चरच्या बाटलीवर तो खाचा कापलेली कागदाची पट्टी चिकटवायचा, एक खाच म्हणजे एक डोस. आता सगळं तयार पाकिटात येतं. पलीकडे पीथमपूरला औषधांचे कारखाने उभे आहेत, पण एका बाटलीसाठी कुठला कारखाना यंत्र लावेल! शेवटी डॉक्टरांच्या ओळखीतले एक वयस्कर फार्मासिस्ट तयार झाले. मी त्यांना काका म्हणू लागले. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, की प्रयोगशाळेत वापरायचं ब्रोमाइड स्वस्तात आणि लगेच मिळतं, पण ते मी हातात धरणार नाही. औषधी दर्जाचं, तपासणीचा दाखला असलेलंच आणणार, आणि त्याला वेळ लागेल.

तो उशीर तेव्हा मला असह्य झाला होता. आता वाटतं, त्यांचं सगळं शहाणपण त्या उशिरातच होतं. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग त्यावरच बसला होता. त्यानंतर जवळजवळ ४० वर्षांनी, २०२५ मध्ये, आमच्याच मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे खोकल्याच्या औषधात तेच विष सापडलं आणि वीसहून अधिक लेकरं गेली. ती बातमी आली त्या रात्री मी चिंगीची बाटली दिव्याखाली धरून बराच वेळ पाहत बसले. पाहून काही कळत नाही. विषाला रंग नसतो, वास नसतो. कळतं ते कच्च्या मालाच्या तपासणीतून, आणि ती झाली का हे विचारायचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. काकांना मी दाखला मागितला तेव्हा ते रागावले नाहीत. उलट म्हणाले, "ताई, जो विचारत नाही त्याला औषध द्यायची मला भीती वाटते."

४. औषध घरच्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोचतं. ब्रोमाइड आणि मिठातलं क्लोराइड मूत्रपिंडात एकमेकांशी चढाओढ करतात. खाण्यातलं मीठ वाढलं की ब्रोमाइड लघवीवाटे लवकर निघून जातं आणि फिट परत येऊ शकते. मीठ एकदम कमी केलं तर उलट ते अंगात साचतं, कुत्रं गुंगतं, मागचे पाय लटपटतात. म्हणजे मीठ रोज सारखं हवं. आता इंदूरच्या घरात हे पाळायचं म्हणजे काय, ते इंदूरकरालाच कळेल! पोह्यांवर शेव, जेवणाबरोबर शेव, पाहुणा आला की शेव, आणि टेबलाखाली आशेने बसलेली चिंगी. सासूबाईंचा तिच्यावर फार जीव. त्यांना मी डॉक्टरांकडेच घेऊन गेले. त्यांनी समजावलं, आणि त्या दिवसापासून सासूबाईच घरात पहारा देतात. पाहुण्यांनाही त्याच थांबवतात.

५. जे लेकराला चालतं ते कुत्र्याला चालेलच असं नाही. मुलांच्या काही सिरपमध्ये साखरेऐवजी झायलिटॉल घालतात. कुत्र्याच्या रक्तातली साखर त्याने तासाभरात धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते, यकृतही निकामी होऊ शकतं. म्हणून लेव्हेटिरासिटामची बाटली घेताना काकांनी भिंग लावून बारीक अक्षरांतली घटकांची यादी वाचली होती. मांजराचं आणखीच वेगळं. त्याला गोड चवच लागत नाही, त्यामुळे साखरेच्या पाकाने कडूपणा झाकत नाही. पॅरासिटामॉलची एक गोळी त्याचा जीव घेऊ शकते. शेजारच्या घरात मांजर आहे, त्यालाही झटके येतात. चिंगीच्या बाटलीतलं थोडं द्याल का, असं त्यांनी फार काकुळतीने विचारलं. ब्रोमाइडने मांजराच्या फुप्फुसांना गंभीर त्रास होतो, म्हणून मी नाही म्हटलं आणि त्यांना डॉक्टरांचा नंबर दिला. नाही म्हणताना वाईट वाटलं, तरी पुन्हा तेच करीन.

६. लेबल हा औषधाचा अर्धा भाग आहे. बाटलीवर औषधाचं नाव, एका मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम, कोणासाठी, कधी बनवलं, कधीपर्यंत वापरायचं, फ्रीजमध्ये की बाहेर, एवढं तरी हवंच. २००९ च्या एप्रिलमध्ये फ्लोरिडात पोलोचे २१ घोडे थोड्या वेळात मेले. त्यांना मुद्दाम बनवून घेतलेलं पूरक इंजेक्शन दिलं होतं आणि त्यात सेलेनियमचं प्रमाण भलतंच वाढलं होतं. एका आकड्याची चूक. हे कळल्यापासून नवी बाटली आली की आधीची शेजारी ठेवून दोन्हींवरचा आकडा मी मोठ्याने वाचायचे आणि नवरा ऐकायचा. औषध चमच्याने द्यायचे नाही, बिनसुईच्या सिरिंजने मोजायचे.

७. धीर हा औषधाचाच भाग आहे. ब्रोमाइड शरीरातून निम्मं व्हायलाच तीन-साडेतीन आठवडे लागतात, त्यामुळे रक्तातली पातळी स्थिर व्हायला महिने जातात. मधल्या काळात एखादी फिट आली की मात्रा वाढवावीशी वाटते. ती परस्पर वाढवायची नसते. रक्ताचा नमुना बाहेरगावी पाठवायचा, आकडा येईपर्यंत थांबायचं.

फेनोबार्बिटोन पुढे बाजारात परत आलं. डॉक्टरांनी आणि काकांनी मिळून चिंगीला हळूहळू त्याच्यावर परत आणलं. कारखान्यातली, तुकडी-तुकडी तपासलेली गोळी मिळत असेल तर तीच घ्यावी, हे दोघांचंही ठाम मत आहे आणि माझंही. बनवून घेतलेलं औषध ते नसेल तेव्हासाठी.

तुमच्या घरात रोजच्या औषधावरचा प्राणी असेल तर आजच त्याची पट्टी मोजा. पंधरा दिवसांपेक्षा कमी साठा उरला असेल तर दुकान बदलत बसू नका, डॉक्टरांना फोन करा. पंधरा दिवस हातात असतील तर त्यांना काही तरी करता येतं.