व्हिडिओ कॉलसाठी घरातला एक कोपरा



आपल्या छत्रपती संभाजीनगरातील कित्येक घरांतील मुले पुण्या-मुंबईला, आखातात किंवा त्याहून दूर आहेत. आईवडील त्यांना मोबाईलवर पाहतात. पण ‘काय म्हणालास?’ असे तीनदा विचारून चौथ्यांदा नुसतेच हसतात. भेट होते, बोलणे मात्र राहून जाते. २०२० च्या टाळेबंदीपासून ई-संजीवनीवरील डॉक्टरांचा सल्ला आणि न्यायालयांतील सुनावण्याही पडद्यावर होऊ लागल्या. तेव्हा या कामासाठी घरात एक कायमची जागा नीट लावून ठेवणे हिताचे आहे.

१. आवाज : चित्र अंधूक झाले तरी निभावते, शब्द तुटला की संवाद तुटतो. तोंड आणि माइक यांतील अंतर दुप्पट झाले की माइकपर्यंत पोहोचणारी आवाजाची तीव्रता सुमारे एक चतुर्थांश उरते. म्हणून माइक असलेला, तारेचा साधा इअरफोन वापरावा. फरशी आणि मोकळ्या भिंतींमुळे आवाज घुमतो; जाड पडदा, सतरंजी, गादी तो शोषून घेतात. उन्हाळ्यात कूलरच्या आवाजाची आपल्या कानाला सवय होते, माइकला होत नाही. बोलणे संपेपर्यंत कूलर बंद ठेवावा.

२. उजेड : खिडकी चेहऱ्यासमोर असावी. ती पाठीमागे असली तर कॅमेरा तिच्या उजेडाशी जुळवून घेतो आणि चेहरा काळा पडतो. रात्री दिवाही समोरच असावा. लॅपटॉपखाली चार पुस्तके ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत आणावा. ज्यांना कमी ऐकू येते ते ओठांच्या हालचालीवरूनही शब्द ओळखतात. त्यांच्यासाठी हा उजेड फार मोलाचा आहे.

३. जोडणी : स्वच्छ चित्रासाठी येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही वेग साधारण ३ ते ४ एमबीपीएस असावेत. बरेच जण फक्त डाउनलोड तपासतात. आपला चेहरा पलीकडे पोहोचतो तो अपलोडवर. शक्य तर राउटरपासून लॅपटॉपला तार जोडावी. वीज गेली तरी बोलणे तुटू नये म्हणून राउटर इन्व्हर्टरवर किंवा छोट्या यूपीएसवर घ्यावा. चित्र अडखळू लागले तर कॅमेरा बंद करून बोलणे चालू ठेवावे.

महागडा वेबकॅम सर्वांत शेवटी घ्यावा. आधी वरील तीन गोष्टी साधाव्यात. त्यांतील पुष्कळशा फुकट होतात. पुढच्या वेळी गावी आईवडिलांकडे जाल तेव्हा अर्धा तास काढून त्यांचा कोपरा लावून द्या आणि शेजारच्या खोलीतून एक कॉल करून बघा. त्यांना तुमचा प्रत्येक शब्द ऐकू आला, तरच काम पूर्ण झाले असे समजा.