खाटेखालची पाहुणी

प्रश्न: आठ वर्षांची गावठी कुत्री चार दिवसांपूर्वी आश्रयकेंद्रातून घरी आणली. दिवसभर खाटेखाली बसते, जेमतेम खाते, हात पुढे केला की गुरगुरते. आमचं चुकलं का?
– एक वाचक, बहादरपुर

उत्तर: मुळीच नाही. चार दिवस फार थोडे आहेत. रुळायला कित्येकदा महिने लागतात. तिला ओढून बाहेर काढू नका. तिथेच जुनी गोधडी टाका, पाणी जवळ ठेवा. रोज थोडा वेळ खोलीत जमिनीवर बसा, तिच्याकडे टक लावून न बघता, आणि उकडलेल्या अंड्याचा तुकडा तिच्या बाजूला सरकवा. गुरगुरली तर रागावू नका. ती सांगते आहे, ‘लांब राहा’. हे सांगणं दडपलं, तर उद्या न सांगता चावेल. मुलांना हे आधी समजवा.

मात्र सगळा दोष भीतीला देऊ नका. या वयात दात-हिरड्या बिघडतात, कंबर दुखते. दुखणारं जनावर हात लावू देत नाही. याच आठवड्यात पशुवैद्यांना दाखवा. गोचीडतापासाठी रक्त तपासून घ्या, रेबीजच्या लशीची नोंद केंद्राकडून मागा. कानाला खाच असेल तर बहुधा नसबंदी झालेली आहे.

तुमच्या बुऱ्हाणपूर भागात पॉवरलूमची खटखट घरोघरी ऐकू येते. तुमच्या शेजारी माग असेल, तर तिची जागा त्या भिंतीपासून दूर हलवा. कांदा-लसणाच्या फोडणीचं उरलंसुरलं देऊ नका. साधा भात आणि बिनमसाल्याची कोंबडी चालेल. ती आपणहून बाहेर येऊ लागली की फिरायला पहाटे न्या, गळ्यात पट्टा आणि तुमचा नंबर हवाच.