जास्त अँपिअरचा चार्जर चालेल का?

प्रश्न : मुलीच्या लॅपटॉपचा चार्जर जळाला. त्यावर १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर असं लिहिलंय. स्टेशनजवळचा दुकानदार १९.५ व्होल्ट, ४.६२ अँपिअरचा देतोय. लॅपटॉप जळणार नाही ना?
– एक वाचक, दहिसर (पूर्व)

उत्तर : नाही जळणार. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी मोठी केली म्हणून तुमच्या नळाची धार वाढत नाही. टाकी उंच चढवली तर मात्र वाढते. ती उंची म्हणजे व्होल्ट. ते जुन्याइतकेच हवेत. अँपिअर म्हणजे चार्जरची कुवत. लॅपटॉप त्यातून हवे तेवढेच ओढतो. व्होल्ट आणि अँपिअरचा गुणाकार करा : तुमचा जुना ६५ वॉटचा, हा ९० वॉटचा. उलट ४५ वॉटचा घेतलात, तर तो तापेल, चार्जिंगही रखडेल.

खरी फसगत होते ती पिनमध्ये. ४.५ आणि ७.४ मिलिमीटर हे फरक डोळ्यांना दिसतात, पण काही पिनांच्या मधोमध एक बारीक सुई असते. तिच्यातून लॅपटॉप चार्जर ओळखतो. ओळख पटली नाही, तर लॅपटॉप चालू राहतो आणि बॅटरी काही भरत नाही! म्हणून जळालेला चार्जर आणि लॅपटॉप दोन्ही दुकानात न्या, तिथेच लावून बॅटरीची टक्केवारी वाढते का पाहा. नव्या चार्जरवरचं बीआयएसचं चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही तपासा, तो नसेल तर कितीही स्वस्त असो, घेऊ नका. इथे जमलं नाही, तर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार गाठा.